‘ऑनेस्ट मिस्टेक’ म्हणजे नक्की काय हो?

परवा आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. मंगल कार्यालयाचा हॉल, खुर्च्यांवर अहवालाच्या पुस्तिका, बाहेर चहा. सभासद म्हणून मीही गेलो होतो.

अहवालात थकीत कर्जाचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा बराच फुगलेला. दोन मोठी कर्जं पुरेसं तारण न घेता दिली, असं लेखापरीक्षकांनी लिहिलेलं. कुणीतरी विचारलं, हे कसं झालं? अध्यक्ष उठले आणि म्हणाले, “टू बी ऑनेस्ट, ही एक ऑनेस्ट मिस्टेक आहे. फ्रँकली सांगतो, व्यवहार सगळा बोनाफाईड आहे. संचालकांच्या इंटिग्रिटीवर कृपया शंका घेऊ नका.”

मागच्या रांगेतून एक निवृत्त एसटी कंडक्टर काका उठले. म्हणाले, “अध्यक्षसाहेब, इंग्रजी राहू द्या. आमचे पैसे हायेत का न्हाईत, तेवढं मराठीत सांगा.”

हशा पिकला, टाळ्याही पडल्या. पण उत्तर काही आलं नाही. विषय मंजूर झाला आणि सगळे चहाला गेले.

मी घरी आलो ते हेच डोक्यात घेऊन. एका मिनिटात चार शब्द वापरले गेले: ऑनेस्ट, फ्रँक, बोनाफाईड, इंटिग्रिटी. चारही प्रामाणिकपणाचे. आणि चारही शब्द प्रश्नाचं उत्तर टाळायला वापरले गेले. हे शब्द आले कुठून, मुळात त्यांचा अर्थ काय होता, आणि आपल्या तोंडी ते कसे बसले, हे बघितलं तर बरंच काही उलगडतं. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची ठेव कुठे ना कुठे आहे, त्यांनी वाचावी.

सुरुवात ‘ऑनेस्ट’पासून.

हा शब्द लॅटिनमधल्या ‘होनेस्तुस’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळाशी ‘होनोस’, म्हणजे मान, प्रतिष्ठा. इंग्रजीतला ‘ऑनर’ त्याचाच भाऊ. म्हणजे ‘ऑनेस्ट’चा पहिला अर्थ ‘खरं बोलणारा’ असा नव्हताच. ‘प्रतिष्ठित’, ‘चार लोकांत मान असलेला’ असा होता. साधारण १३०० च्या सुमाराला इंग्रजीत हा शब्द दिसू लागतो तेव्हा तो अब्रूदार माणसासाठी आहे. बाईसाठी वापरला तर ‘शीलवान’ असा अर्थ. ‘खोटं न बोलणारा, न फसवणारा’ हा अर्थ हळूहळू वर आला आणि बाकीचे मागे पडले.

रोमन साम्राज्यात तर या शब्दाची थेट जातच होती म्हणा ना. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून रोमन कायद्यात लोकांचे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. ‘होनेस्तिओरेस’ म्हणजे वरचे, मानाचे लोक आणि ‘हुमिलिओरेस’ म्हणजे खालचे. गुन्हा तोच, पण शिक्षा वेगळी. वरच्याला दंड किंवा हद्दपारी, खालच्याला फटके, खाणकाम, क्रूसावर चढवणं. साक्षीचं वजनसुद्धा माणसाच्या दर्जावर. म्हणजे आधी तुमची पायरी बघायची, मग तुमचा खरेपणा ठरवायचा!

आता परत सभेत या. “आम्ही प्रतिष्ठित माणसं आहोत, आमच्याकडून झाली ती चूकच, लबाडी नव्हे.” अध्यक्षांच्या ‘ऑनेस्ट मिस्टेक’चा अर्थ तोच रोमन नाही का? हिशेब नाही दाखवला, मान दाखवला.

मान बघून माणसाला खरा समजण्यात काय धोका आहे, ते शेक्सपिअरला चांगलं कळलं होतं. ‘ऑथेल्लो’ हे नाटक १६०४ च्या आसपासचं. त्यात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द पन्नासहून अधिक वेळा येतात. विल्यम एम्पसन या समीक्षकाने त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. आणि ज्याला सगळे उठसूट ‘ऑनेस्ट’ म्हणतात, तो इयागो हाच नाटकातला सगळ्यात मोठा कपटी! देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ नावाने हे नाटक मराठीत आणलं, म्हणजे ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. जो माणूस सगळ्यांना ‘ऑनेस्ट’ वाटतो त्याच्याकडे कुणी पावती मागत नाही. तिथेच घात होतो.

आता ‘फ्रँकली’.

फ्रँक हे एका जर्मानिक टोळीचं नाव. या टोळीने रोमन सत्ता ढासळल्यावर आजचा फ्रान्स जिंकला. देशाचं नावच त्यांच्यावरून पडलं. जेत्यांच्या राज्यात पूर्ण स्वतंत्र माणूस म्हणजे फ्रँक, म्हणून ‘फ्रँक’ म्हणजे ‘मोकळा’. आणि मोकळा माणूस मोकळं बोलतो, म्हणून पुढे ‘स्पष्टवक्ता’.

गंमत पुढे आहे. क्रुसेडच्या काळात अरब आणि इराणी लोक पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच ‘फ्रँक’ म्हणू लागले. त्याचं फारसीत झालं ‘फरंगी’ आणि आपल्याकडे ‘फिरंगी’. मराठेशाहीच्या कागदांत फिरंगी म्हणजे बहुतेक करून गोव्याचे पोर्तुगीज. युरोपियन पात्याची तलवार, तीही ‘फिरंग’. म्हणजे “फ्रँकली सांगतो” म्हणणारा माणूस शब्दशः “फिरंग्यासारखं सांगतो” असं म्हणत असतो.

आणखी एक. घराचा करार करताना बँकेत जाऊन ‘फ्रँकिंग’ करून घेतलंय ना? तोही हाच शब्द. इंग्लंडमध्ये पार्लमेंटच्या सभासदांची पत्रं टपालखर्चाशिवाय ‘मोकळी’ जायची. पत्रावर सभासदाची सही असायची, त्याला फ्रँक म्हणायचे. पुढे टपालाचा शिक्का मारणारं मशीन म्हणजे फ्रँकिंग मशीन, आणि तिथून मुद्रांक शुल्काचा शिक्का. जे फुकट जायचं त्याचा शब्द आज पैसे भरल्याचा पुरावा झाला. शब्द असे फिरतात.

तिसरा, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: ‘बोनाफाईड’.

शाळेत जाऊन “सर, बोनाफाईड पाहिजे” असं न म्हटलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. पास काढायचाय, शिष्यवृत्ती आहे, बोनाफाईड आणा. आपल्या दृष्टीने बोनाफाईड म्हणजे एक कागद, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘चांगल्या श्रद्धेने’, ‘सद्भावाने’. रोमन व्यापारात काही करार असे असत की त्यात न्यायाधीश नुसती अक्षरं बघत नसे, दोन्ही पक्ष एकमेकांशी सरळ वागले का तेही बघे. म्हणजे मुळात हा शब्द मनाचा. आपण तो कागदाचा केला.

‘अॅफिडेव्हिट’चं तेच. मूळ अर्थ ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. आपल्याकडे अर्थ काय? कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या टायपिस्टकडून करून आणायची गोष्ट. आत काय लिहिलंय ते वाचतो कोण? “इथे सही करा” म्हटलं की सही.

आपल्याकडे पूर्वी काय होतं? शपथेचं वजन हातात धरायला लागायचं. बेलभंडार उचलायचा, तुळस घ्यायची, गंगाजळ घ्यायचं. गोतसभेपुढे वाद आला की दोन्ही पक्ष आधी ‘राजीनामा’ लिहून देत. आजच्यासारखा पद सोडायचा नव्हे, तर “निवाडा होईल तो आम्हांस राजी आहे” असा. निकाल झाला की हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा ठरला याची कबुली. ती व्यवस्था फार थोर होती असं मी म्हणत नाही. जातीपातीची उतरंड तिच्यातही होतीच, आणि तापलेल्या तेलात हात घालायची ‘दिव्यं’सुद्धा होती. पण चार गावकऱ्यांसमोर स्वतःच्या हाताने “मी खोटा ठरलो” असं लिहून देणं, हे आज कुठल्या सभेत दिसतं का, विचार करा.

मग इंग्रज आले. आणि इथे इतिहासाने मोठी थट्टा केली.

१७५७ च्या प्लासीनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी बंगालात नजराण्यांच्या नावाखाली इतकी लूट केली, की लंडनच्या संचालकांनाच घाम फुटला. शेवटी नोकरांकडून ‘आम्ही नजराणे घेणार नाही’ असा करार लिहून घ्यायचं ठरलं. तो राबवायला परत पाठवलं कुणाला? रॉबर्ट क्लाइव्हला! ज्याने स्वतः प्लासीनंतर प्रचंड संपत्ती घरी नेली होती, त्याला. त्या करारावरूनच पुढे ‘कव्हेनंटेड’ म्हणजे करारबद्ध मुलकी नोकर हे नाव रूढ झालं. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये महाभियोग चालला, १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं, आणि शेवटी तो निर्दोष सुटला.

त्यानंतर कॉर्नवॉलिसने गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार वाढवले, म्हणजे त्यांना लाचेची गरज पडू नये. इथपर्यंत ठीक. पण त्याच काळात वरच्या जागांवरून हिंदी माणसाला बाहेर काढलं, त्याच्या सचोटीचा भरवसा नाही म्हणून! म्हणजे चोरी केली एकाने, अविश्वास दुसऱ्यावर. रोमचे ‘होनेस्तिओरेस’ कलकत्त्यात नव्या रंगात हजर झाले.

पण थट्टा अर्धीच आहे. त्याच इंग्रजांनी आपल्याला एक कामाची गोष्टही दिली, ती म्हणजे व्याख्या.

मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये फौजदारी कायद्याचा मसुदा केला, १८६० मध्ये तो भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाची व्याख्या आहे. आणि काय व्याख्या आहे! तिच्यात मन, चारित्र्य, खानदान, प्रतिष्ठा यातलं काहीही नाही. एकाला गैरमार्गाने लाभ किंवा दुसऱ्याला गैरमार्गाने हानी व्हावी, या हेतूने जो काही करतो, तो ते अप्रामाणिकपणे करतो. बस्स. म्हणजे प्रश्न “माणूस कसा आहे?” हा नाही. “कुणाचं गेलं, कुणाला मिळालं आणि ते व्हावं असा इरादा होता का?” हा आहे. आमच्या कंडक्टर काकांनी जे विचारलं, त्याच्या फार जवळ जाणारा हा प्रश्न.

याच कायद्यातलं कलम ४२० तर आपण बोलीतच घेतलं. फसवणूक करून, अप्रामाणिकपणे कुणाला मालमत्ता द्यायला लावणं. ‘चारसोबीस माणूस आहे’ हे सांगायला वकील लागत नाही. १९५५ मध्ये राज कपूरचा ‘श्री ४२०’ आला तेव्हा हा आकडा समजावून सांगावा लागला नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं ते कलम ३१८ मध्ये गेलं. पण ‘तीनशेअठरा माणूस आहे’ असं कुणी म्हणेल असं वाटत नाही. कायदा बदलला, शिवी तीच राहिली.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ‘ऑनेस्ट मिस्टेक’ला कायदा काय म्हणतो?

इथे दोन वेगवेगळी उत्तरं आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये ‘गुड फेथ’ची म्हणजे सद्भावाची व्याख्या अशी: काम खरोखर प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावाने केलं असं मानावं, मग त्यात निष्काळजीपणा झालेला असो वा नसो. म्हणजे मन साफ असेल तर गाफीलपणा माफ.

पण दंड संहितेचं कलम ५२ बरोबर उलटं बोलतं. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कुठलीही गोष्ट सद्भावाने केली असं म्हणताच येणार नाही. मन साफ होतं हे पुरेसं नाही, डोळे उघडे होते का ते सांगा. नव्या न्याय संहितेनेही हीच व्याख्या पुढे चालवली आहे.

मला विचाराल तर दुसऱ्याचे पैसे सांभाळणाऱ्याला दुसरी व्याख्याच लागू व्हायला हवी. स्वतःच्या दुकानात उधारी देऊन बुडालात, ती तुमची चूक. पण निवृत्त माणसाची ग्रॅच्युइटी, भाजीवालीची पिग्मी, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे तुम्ही कागद न बघता कुणाला दिलेत, तर तिथे “मन साफ होतं” हे उत्तर होत नाही. गाफीलपणा हाच तिथे अप्रामाणिकपणाचा सख्खा शेजारी आहे.

राहिला चौथा शब्द, ‘इंटिग्रिटी’.

गणितात ‘इंटिजर’ म्हणजे पूर्णांक, हे शाळेत शिकलोय. त्याच मुळातून इंटिग्रिटी. मूळ अर्थ ‘ज्याला धक्का लागलेला नाही असं’, अखंड, तुकडे न पडलेलं. म्हणून संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हा शब्द आला तेव्हा मराठीत ‘एकात्मता’ झाला, आणि सरकारी नोकराच्या बाबतीत ‘सचोटी’ झाला. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे. त्यातला तिसराच नियम सांगतो की शासकीय कर्मचाऱ्याने नेहमी पूर्ण सचोटी राखली पाहिजे. गंमत बघा, पूर्णांक म्हटल्यावर ‘पूर्ण’ वेगळं सांगायला नको. साडेतीन टक्के सोडून बाकी सचोटी, असं काही नसतं. सभेत एक आणि कर्ज मंजुरीच्या बैठकीत दुसरा, असा माणूस अपूर्णांकच.

मग इंग्रजी शब्द वाईट आणि मराठी पवित्र, असं आहे का? अजिबात नाही. ‘इमान’ घ्या. अरबीतून आलेला, मूळ अर्थ श्रद्धा. आपण त्याचा अर्थ निष्ठा असा केला, खाल्ल्या मिठाला जागणं. छान आहे. पण संचालक अध्यक्षाशी इमानदार राहिला आणि ठेवीदारांशी बेइमान झाला, तर? मिठाला जागलाच की तो! नुसतं इमान पुरत नाही, कुणाशी ते विचारावं लागतं.

‘प्रामाणिक’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. ‘प्रमाण’वरून आलेला. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे मापही. म्हणजे जो मोजून दाखवता येतो, ज्याचा पुरावा देता येतो, तो प्रामाणिक. ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य खरं तर अर्धवट आहे. त्यापुढे ‘हे बघा’ असं यायला पाहिजे.

आणि शेवटचा शब्द ‘क्रेडिट’, कारण पतसंस्थेला इंग्रजीत क्रेडिट सोसायटीच म्हणतात. लॅटिनमध्ये ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा शब्द आणि आपला ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच आदिम मुळातून फुटले आहेत. म्हणजे पतसंस्था ही शब्दशः श्रद्धेवर चालते. आणि म्हणूनच तिथे डोळे मिटून चालत नाही. कारण बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. ते महामंडळ पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही. हे फार लोकांना माहीतच नसतं. पाटी दिसते बँकेसारखी, काउंटर बँकेसारखा, पासबुक बँकेसारखं. विमा मात्र नाही.

मग करायचं काय? भांडण नको, कागद मागा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला वार्षिक ताळेबंद, नफातोटा पत्रक, उपविधी, सभेची इतिवृत्तं अशी कागदपत्रं बघायचा आणि ठरलेली फी भरून नकला घ्यायचा हक्क आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा झालीच पाहिजे. गडबड वाटली तर कलम ८३ खाली चौकशी होऊ शकते, आणि नुकसान झालंय असं ठरलं तर कलम ८८ खाली ते जबाबदार माणसांकडून वसूल करता येतं. इथे कुणी किती वेळा ‘ऑनेस्ट’ म्हणालं ते मोजत नाहीत.

एक जाता जाता सांगतो, कारण निवडणुका येतच असतात. ‘कँडिडेट’ हा शब्द ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र यावरून. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला झगा घालून मतं मागत फिरायचा. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, की इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये या कपडे पांढरे करण्यावरच बंदी घालणारा कायदा आणला गेला. बंदी काही टिकली नाही. मतं विकत घेणं इतकं वाढलं, की इसवी सनापूर्वी ६३ मध्ये सिसेरोने त्यासाठी दहा वर्षं हद्दपारीची शिक्षा आणली. चोवीसशे वर्षांपूर्वीही लोकांना कळलं होतं, कपडे पांढरे आहेत म्हणून हात स्वच्छ असतीलच असं नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असतं. त्याचा शुभ्र सदरा बघण्याआधी ते वाचा.

कंडक्टर काकांना सभेनंतर मी चहाच्या टेबलाशी गाठलं. म्हटलं, काका, छान विचारलंत. ते म्हणाले, “अरे, तीस वर्षं गाडीवर होतो. रोज डेपोत जाऊन रोकड आणि तिकिटं जुळवायला लागायची. दोन रुपये कमी पडले तर खिशातून भरायचे. साहेब कधी म्हणाला नाही की तू मनाने चांगला आहेस, राहू दे.”

पुढच्या सभेला जाल तेव्हा एवढं एकच लक्षात ठेवा. कुणी “टू बी ऑनेस्ट” म्हणून सुरुवात केली, की हात वर करायचा आणि शांतपणे म्हणायचं: साहेब, रोकड आणि तिकिटं जुळवून दाखवा.

तुमच्या पतसंस्थेची सभा कधी आहे? पुस्तिका आली का? आली असेल तर लेखापरीक्षकांचं पान आधी उघडा. पटलं तर घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा. ठेवी बहुतेक त्यांच्याच असतात.